बिनबियांच्या गावातले मामा

नव्वदनंतरच्या दहा-पंधरा वर्षांत नाशकात जी जी बाळं धडधाकट जन्माला आली, त्यांचं श्रेय आईबापांनी, डॉक्टरांनी आणि परमेश्वराने आपसात कसंही वाटून घ्यावं. पण त्यातला मोठा वाटा आधी माझ्या नवऱ्याच्या मामांना काढून द्यावा, असं एका माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे मामा स्वतः. दुसऱ्या कुणाचं तसं मत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण आपण एकटे पडलो म्हणून मत बदलावं, ही सवय मामांना नव्हती. उंच, किडकिडीत, पांढरा सदरा, खांद्याला शबनम पिशवी आणि चेहऱ्यावर समोरच्याची तब्येत आपल्याला त्याच्याहून जास्त कळते हा भाव, असे मामा समोरून येताना दिसले, की गंगापूर रोडवरच्या गरोदर बायका पलीकडच्या बाजूला जात. नवरे मात्र अडकत, कारण त्यांना अशी चपळाई जमत नसे.

मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे मोठे भाऊ. उभी हयात इगतपुरीला रेल्वेत काढली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या मागच्याच इमारतीत दोन खोल्या घेऊन राहिले. एकटेच होते. मामी फार वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात गेल्या, एवढंच मला लग्नानंतर सांगण्यात आलं होतं; आणि आमच्या घरात ‘एवढंच’ म्हटलं की पुढचं विचारायचं नसतं.

त्यांची नि माझी पहिली भेट माझ्याच ‘मुलगी पाहण्याच्या’ कार्यक्रमात झाली. मंडळी सटाण्याला आमच्या घरी आली. पोहे झाले, शिक्षण विचारून झालं, आता मुला-मुलीने गच्चीत जाऊन चार शब्द बोलावेत असं कुणीतरी सुचवणार, एवढ्यात मामांनी माझ्या आईकडे एक सफरचंद, एक लिंबू आणि सुरी मागितली. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? मामांनी सफरचंदाचे दोन भाग केले, एकावर लिंबू पिळलं, दुसरा तसाच ठेवला आणि म्हणाले, “आता सगळ्यांनी जरा थांबायचं.” सगळे थांबले. मी जरीची साडी नेसून मान खाली घालून बसले होते आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी टक लावून सफरचंदाकडे पाहत होती. थोड्या वेळाने कोरडा भाग तांबूस पडला. “ही झीज!” मामा गरजले. “हवेत, पाण्यात, आपल्या रक्तात हे फ्री रॅडिकल नावाचे गुंड मोकाट फिरतात, ते ही झीज करतात. आणि हे लिंबू म्हणजे अँटिऑक्सिडंट. उद्या ही मुलगी गरोदर राहील, तेव्हा पोटातलं बाळ या भागासारखं हवंय की त्या?” माझ्या वडिलांनी देण्याघेण्याच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून ठेवली होती, याचं उत्तर त्यांच्याजवळ नव्हतं. दोन दिवसांनी होकार आला. तो मला पाहून आला की सफरचंदाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

हे अँटिऑक्सिडंटचं वेड मामांना लागलं ते नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. त्या काळात अशा सभांचं पीक आलं होतं. टाय लावलेला एक तरुण फळ्यावर गोल काढायचा, त्या गोलाखाली दोन गोल, त्या दोहोंखाली चार, आणि सगळ्यात वरच्या गोलातला माणूस मोटारीतून फिरतो, असं सांगायचा. विकायच्या असत द्राक्षाच्या बियांच्या अर्काच्या कॅप्सूल. बाकीचे लोक मोटारीकडे पाहत होते. मामांनी फक्त कॅप्सूलचं ऐकलं. त्यांनी डबेच्या डबे विकत आणले आणि ओळखीच्या, अर्धवट ओळखीच्या आणि मुळीच ओळख नसलेल्या गरोदर बायकांना फुकट वाटून टाकले. त्या योजनेच्या इतिहासात योजना इतकी न समजलेला सभासद दुसरा झाला नसेल. टायवाला बिचारा घरी येऊन कळवळून सांगायचा, “काका, असं नसतं करायचं. खाली माणसं जोडा, माणसं!” मामा शांतपणे म्हणत, “नऊ महिने थांब. आपोआप जोडली जातील.”

पुढे तो टायवाला आणि त्याची ती योजना दोन्ही गायब झाली. मामांना त्याचं सोयरसुतक नव्हतं, कारण कॅप्सूलमध्ये काय असतं हे त्यांना कळून चुकलं होतं: द्राक्षाची बी. आणि द्राक्षाच्या राजधानीत राहणाऱ्या माणसाने द्राक्षाची बी डबीतून विकत घ्यावी, यासारखा मूर्खपणा नाही. हा विचार अगदी बिनतोड होता. त्यात अडचण एवढीच होती, की नाशकातल्या द्राक्षांना बिया नसतात. इथल्या बागाईतदारांच्या दोन पिढ्या बी नसलेलं द्राक्ष पिकवण्यात खपल्या, आणि आमचे मामा हातगाडीवर एकेक मणी दाबून विचारत, “बी आहे का?” गाडीवाला छातीवर हात ठेवून सांगे, “एक बी निघाली तर पाटी फुकट, काका!” यावर मामा तुच्छतेने मान फिरवून पुढच्या गाडीकडे जात. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातल्या एका बाईने तर शेवटी हात जोडले. म्हणाली, “बाबा, लोकं बी नाय म्हून घेत्यात, तुम्ही बी हाय का म्हून इचारता. तुमाला नक्की द्राक्षंच पायजेत ना?”

शोधता शोधता त्यांना बियांची काळी द्राक्षं कुठून तरी मिळायला लागली. ती ते बियांसकट कडाकडा चावून खात आणि दुसऱ्यांनाही खायला लावत. “कडू लागतात हो,” असं म्हणायची सोय नव्हती. “कडू? गोड असतात! जिभेला शिकवावं लागतं,” असं म्हणून ते आणखी चार मणी तुमच्या हातावर ठेवत. मग शहराबाहेर वाइनचे कारखाने निघाले, आणि तिथे रस काढल्यावर बियांचा चोथा ढिगाने टाकून देतात, ही बातमी मामांच्या कानावर आली. आता रोज सकाळी बसने जाऊन कारखान्याच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभा राहणारा आणि दुपारी आंबूस वासाने घमघमत परतणारा एकटा, निवृत्त माणूस पाहून गल्लीने काय समजायचं? गल्लीने तेच समजलं. सोसायटीच्या अध्यक्षांनी माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन अतिशय सभ्य शब्दांत विचारलं, की मामांना ‘या वयात’ हे कधीपासून लागलं? मामा गच्चीत सतरंज्यांवर बिया वाळवत, मिक्सरमधून काढत आणि ते काळंभोर चूर्ण छोट्या डब्यांतून भरून ठेवत. दोन मिक्सर त्यात कामी आले. त्यातला एक माझ्या माहेरून आलेला होता.

गरोदर बाई ओळखण्यात मामांचा हात कुणी धरू शकत नसे, असं तेच सांगत. बाजारात चिंच घेणारी, जिन्यावर दोनदा थांबणारी, दुपारी कारण नसताना रडणारी, कुणीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या बाईंचं त्यांनी एकदा भर जिन्यात अभिनंदन केलं. बाई नुसत्या गणपतीच्या मोदकांनी जाड झाल्या होत्या. त्या लालबुंद होऊन म्हणाल्या, “मामा, माझा धाकटा बारावीला आहे!” दुसरा कुणी असता तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं म्हणाला असता. मामांनी डबी पुढे केली आणि म्हणाले, “असू द्या. खराब होत नाही हे.”

या सगळ्याला पुरून उरणारी एकच व्यक्ती होती: आमच्या डॉक्टरीणबाई. गंगापूर रोडवरच त्यांचं प्रसूतिगृह होतं. ‘बाहेरचं चूर्ण आणू नये’ अशी पाटी असलेलं ते जगातलं बहुधा एकमेव प्रसूतिगृह असावं, आणि ती पाटी फक्त एका माणसासाठी लावली होती. तो माणूस त्या पाटीखालच्याच बाकावर बसून आलेल्या बायकांना चूर्ण वाटत असे. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन कमरेवर हात ठेवत. “मामा, लोहाची गोळी, कॅल्शियम, वेळेवर तपासणी. या बायकांना एवढंच पुरे आहे.” मामा म्हणत, “तुम्ही पुस्तकातलं सांगता, डॉक्टरीणबाई.” “मग तुम्ही कुठलं सांगता?” या प्रश्नावर मामा पाटीकडे पाहत राहत. डॉक्टरीणबाईंना वाटे, आपण जिंकलो. मलाही तसंच वाटे.

यथावकाश मला दिवस गेले. मला शंका यायच्या आधी मामा डबी घेऊन दारात हजर होते, हे वेगळं सांगायला नकोच. डॉक्टरांनी चूर्णाला मनाई केली आहे, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. “बरं,” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डबी घेऊन आले. तिसऱ्या दिवशीही आले. शेवटी भावाचं मन मोडायला नको म्हणून सासूबाईच रोज सकाळी ते चूर्ण भक्तिभावाने घ्यायला लागल्या. त्यांना बाळ होणार नव्हतं. त्यांना बद्धकोष्ठ झालं. पण मामांना समाधान एवढं, की घरात चूर्ण जातंय.

माझं डोहाळजेवण खरं सातव्यात व्हायचं, पण मध्ये अधिक महिना आला, आणि आठव्यात करत नाहीत म्हणून ते नववा लागल्यावर ठरलं. त्या धांदलीत माझी एक तपासणी राहून गेली. ‘कार्यक्रम झाला की सटाण्याच्या डॉक्टरांना दाखवू,’ असं आईने फोनवर सांगितलं, कारण पहिलं बाळंतपण माहेरी, आणि जेवणं झाली की आई मला घेऊन जाणार होती. भाड्याची जीप सकाळपासून दारात उभी होती. माझं डोकं दोन दिवस ठणकत होतं. घरात चकल्या तळत होत्या, त्या धुराने असेल म्हणून मी गप्प राहिले. डोळ्यांपुढे मधूनच काजवे चमकत. तेही मी चकल्यांच्याच खाती टाकले.

फुलांचे दागिने आले, हिरवी साडी नेसून झाली, आणि कासारीण चुडा भरायला बसली. तिसऱ्या महिन्यातल्या चोरचोळीच्या वेळी तिनेच मला बांगड्या भरल्या होत्या, त्यामुळे माप तिला पाठ होतं. पण हातात बांगडी चढेना. तिने अंगठा दाबला, साबण लावला, फुंकर घातली. कशाबशा दोन गेल्या, तिसरी अडकली. “पोरीचा हात लय भरलाय बघा,” ती हसून म्हणाली. लगेच बायकांना उधाण आलं. कुणी म्हणालं, अंग धरलंय, कुणी म्हणालं, चेहरा कसा टवटवीत दिसतोय, एकीने माझी पावलं दाबून पाहिली, बोटाचा खड्डा पडला, तेव्हा ती आनंदाने ओरडली, “पायावर पाणी चढलंय, मुलगाच!” सासूबाईंचा चेहरा फुलला. त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली, “जा रे, स्कूटर काढ, कासारगल्लीतून मोठ्या मापाच्या घेऊन ये. असं भाग्य कुणाला मिळतं?”

पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीत होती. मामा तिथे कुणाला तरी फ्री रॅडिकल समजावून सांगत होते. ‘मोठ्या मापाच्या’ हे शब्द त्यांच्या कानावर पडले आणि आवाज मध्येच थांबला. पुढच्या क्षणी मामा बायकांच्या घोळक्यात शिरले. डोहाळजेवणाच्या पाटापाशी पुरुष आलेला पाहून बायका सरकल्या. मामांनी माझा हात धरला. अडकलेल्या बांगडीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. “डोकं दुखतं?” मी मान हलवली. “डोळ्यांपुढे काही?” मी म्हटलं, “काजवे.” मामांचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले आणि त्यात चूर्ण नव्हतं. “ऊठ,” ते म्हणाले. “जीप सटाण्याला जाणार नाही. डॉक्टरीणबाईंकडे जाईल. आत्ता.”

गलका झाला. ओटी भरायची राहिली होती, पानं वाढली होती. माझी आई घाबरली की अहिराणीत बोलते, ती म्हणाली, “काय व्हयनं? गाडी दारमा उभी शे ना, जेवण तरी होऊ द्या!” सासूबाई म्हणाल्या, “दादा, अरे, भरल्या पाटावरून उठवतात का कुणाला?” फुलांच्या मुकुटासकट मामांनी मला जिना उतरवून जीपमध्ये बसवलं. वाटेत मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते माझ्या हाताकडे पाहत होते.

डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला, एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्यानंतर त्यांचा आवाज बदलला. सगळं धावतपळत सुरू झालं. सलाइन लावायला सिस्टरने माझा हात धरला, तर मनगटावर त्या दोन बांगड्या रुतून बसलेल्या, निघायला तयार नाहीत. “कापाव्या लागतील,” सिस्टर म्हणाली. सासूबाईंनी तिचा हात पकडला. हिरवा चुडा, तोही आत्ता भरलेला, तो कसा मोडायचा? त्या रडायला लागल्या. तेव्हा मामा दारातून आत आले, बहिणीचा हात बाजूला केला, माझ्या मनगटाखाली रुमाल धरला आणि त्या दोन्ही बांगड्या स्वतः वाढवल्या. “अगं,” ते म्हणाले, “चुडा पुन्हा भरता येतो.”

पुढचं मला तुटक आठवतं. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनं दिली, मग सिझर केलं. मुलगी झाली, मुठीएवढी, आणि काचेच्या पेटीत गेली. बाहेर मामा तेवढा वेळ उभेच होते, म्हणे. बाकावर बसा म्हटलं तरी बसले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मुलगी झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “सूनबाईला झटके आले?” “नाही आले,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेव्हा मामा मटकन खाली फरशीवर बसले. डॉक्टरीणबाई नंतर मला म्हणाल्या, की जीप सटाण्याच्या रस्त्याला लागली असती, तर वाटेत काय झालं असतं याचा विचारही करू नका. मामांना त्यांनी विचारलं, “तुम्हाला कसं हो कळलं?” मामांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले, “ती चूर्ण नियमित घेत नव्हती. मला कल्पना होतीच.”

खरं काय ते मला सासूबाईंनी सांगितलं, वॉर्डात माझ्या उशाशी बसून. इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये मामींचं डोहाळजेवण होतं. आषाढातला तिथला पाऊस, बाहेर काही दिसत नव्हतं. मामींच्या हातात चुडा चढेना. सगळ्या बायका हसल्या, मामा सगळ्यांत जास्त हसले, आणि बायकोचं अंग भरलंय या आनंदात छत्री घेऊन बाजारात जाऊन मोठ्या मापाच्या बांगड्या घेऊन आले. मामींनी त्या भरून सगळ्यांना हात दाखवले. त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या डॉक्टरने एक ताकदीचं टॉनिक लिहून दिलं होतं, ते नाशकातच मिळायचं. मामा म्हणाले, रविवारी आणतो, आता ड्युटी आहे. रविवार यायच्या आधी मामींना झटके आले. मामी गेल्या, मूलही गेलं. “मी किती सांगितलं,” सासूबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या, “पण त्या बाटलीचं त्याने मनाला लावून घेतलं ते घेतलंच. मी ती बाटली आणली नाही, म्हणतो. एवढंच म्हणतो.”

मी वर पाहत पडून राहिले. वॉर्डाच्या दारातून मामांचा आवाज येत होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्याला ते द्राक्षाच्या बीचं महत्त्व पटवून देत होते. मला रडू आलं आणि टाके दुखले म्हणून हसूही आवरावं लागलं.

त्यानंतर मामांच्या शबनम पिशवीत चूर्णाच्या डब्यांबरोबर हिरव्या काचेच्या बांगड्यांचे जोड आले. गरोदर बाई दिसली की तिला चूर्ण द्यायचं आणि तिच्या मापाची बांगडी द्यायची. “ही रोज सकाळी चढवायची. ज्या दिवशी चढणार नाही, त्या दिवशी तडक डॉक्टरकडे जायचं. मला विचारायलासुद्धा थांबायचं नाही.” सत्तरीच्या माणसाने परक्या बायकांना बांगडीचं माप विचारण्यातून जे समरप्रसंग उद्भवले, ते मी सांगत बसत नाही. एका नवऱ्याने तर त्यांची गचांडी धरली होती. मामांनी त्याही स्थितीत त्याला बायकोचं डोकं दुखतं का, ते विचारलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र बांगडीला हरकत घेतली नाही. “बांगडी चढो न चढो, बीपी मोजायला आणायचं, ही अट,” एवढंच म्हणाल्या, आणि ती अट मामांनी पाळली. पाटी तशीच राहिली, चूर्णही तसंच राहिलं.

मग काही वर्षांनी माझ्या धाकट्या जावेला दिवस गेले. मी आणि मामा तिला तपासायला घेऊन गेलो होतो. तिचं सगळं ठीक होतं. मामांनी सवयीने डबी काढली, तशा डॉक्टरीणबाई, या वेळी न चिडता, म्हणाल्या, “मामा, बसा जरा. तुमच्या त्या अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या गोळ्या गरोदर बायकांना देऊन पाहिल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी. बीपी चढायचं थांबतं का, झटके टळतात का, हेच बघायला. फार आशा होती सगळ्यांना. नाही थांबत हो.”

मला वाटलं, आता ‘पुस्तकातलं सांगता’ येणार. मामा डबीचं झाकण उघडझाप करत राहिले. मग म्हणाले, “आणि पूर्वी ती टॉनिकं असायची... बाटलीतली, लाल रंगाची. त्यांनी?”

“टॉनिकने?” डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. “त्याने फार तर भूक लागायची.”

“म्हणजे वेळेवर आणलं असतं तरी?”

“कुणी?”

“कुणी म्हणजे... असंच एखाद्याने.”

“काही फरक पडला नसता, मामा. काडीचाही नाही.”

मामा उठले. दाराबाहेर चपला घालायला त्यांना फार वेळ लागला. जाऊ आणि मी रिक्षाशी थांबून राहिलो. वाटेत त्यांनी रिक्षावाल्याची बायको कशी आहे, हेसुद्धा विचारलं नाही.

घरी सासूबाईंनी द्राक्षांची ताटली पुढे ठेवली. मामांनीच सकाळी आणून दिलेली, बियांची काळी द्राक्षं. काचेच्या पेटीतून बाहेर आलेली माझी मुलगी तोवर मामांची पट्टशिष्या झाली होती. ती त्यांच्या मांडीला टेकून बसली आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे बियांसकट चावायला लागली. मामांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं. मग हाताचा तळवा तोंडापुढे धरला आणि त्यात दोन बिया काढल्या.

“आजोबा, बी टाकली?” मुलगी ओरडली.

“हो. तूपण टाक.”

“तुम्हीच म्हणाला होता ना, गोड असते?”

“कडू असते गं,” मामा म्हणाले. “पहिल्यापासून कडूच लागायची.” आणि त्यांनी ताटलीतली द्राक्षं एकेक करून संपवली, प्रत्येक द्राक्षाच्या बिया ताटलीच्या कडेला काढून ठेवत. सासूबाई समोर बसून पाहत होत्या. मग ताटली त्यांनी स्वतः उचलून नेली आणि बिया कचऱ्यात टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई आणि मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होतो. जिन्यावर बांगड्यांचा किणकिणाट ऐकू आला. काचेच्या, भरपूर बांगड्यांचा, पायरी-पायरीने वर येणारा. सासूबाईंचा हात थांबला. “क्षणभर वाटलं, वहिनीच आली,” त्या म्हणाल्या.

मी दार उघडलं. मामा उभे होते. पिशवीत आता डब्या नव्हत्या, म्हणून बांगड्या वाजत होत्या. त्यांनी ती पिशवी खुंटीला अडकवली आणि चहा टाक म्हणाले.